बेचाळीस रकाने आणि एक सुई

मी जनावरांचा डॉक्टर आहे. एवढं सांगून आमच्या जिल्ह्यात भागत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मोठ्या जनावरांचा की लहान? मोठी म्हणजे गाई-म्हशी, लहान म्हणजे शेळ्या-मेंढ्या. कुत्री-मांजरं या हिशेबात कुठंच बसत नाहीत. त्यामुळं परंडा तालुक्यातल्या एका गावी सरकारी दवाखान्यात नोकरी करता करता मी पदव्युत्तर पदवीसाठी ‘श्वान व मार्जार यांचे आरोग्य व प्रजनन’ हा विषय घेतला, तेव्हा कळंबला राहणाऱ्या माझ्या वडिलांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवलेला माणूस. मुलगा डॉक्टर झाला हे त्यांनी विहारात सगळ्यांना सांगून झालं होतं. आता तो कुत्र्यांच्या बाळंतपणावर संशोधन करतो हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मग त्यांनीच तोड काढली आणि ‘प्रजननशास्त्रात उच्च शिक्षण’ असं म्हणायला लागले.

विषय विद्यार्थ्यानं निवडला असं लिहायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो सरांनी दिला. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, मोठ्या शहरातल्या कॉलेजात प्राध्यापक. त्यांच्या घरी पांढऱ्या केसांचं एक कुत्रं होतं, ते एसी बंद झाला की जेवायचं नाही. आमच्या जिल्ह्यात सर कधीच आले नव्हते, पण जिल्ह्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. ग्रामीण कुत्र्यांची माहिती कुणाकडंच नाही, तू तिथलाच आहेस, गोळा करून टाक, असं ते म्हणाले. बाजारातून येताना कोथिंबीर आण म्हणावं तसं. मी मान डोलावली. मार्गदर्शकापुढं मान डोलावणं हा या अभ्यासक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा पेपर असतो आणि त्यात मी कधीच नापास झालो नाही.

सरांनी मला एक प्रश्नावली दिली. बेचाळीस रकान्यांची. कुठल्या तरी परदेशी प्रश्नावलीवरून कुणीतरी इमानदारीनं मराठीत उतरवलेली. कुत्रं पलंगावर झोपतं की वेगळ्या गादीवर? दिवसातून किती मिनिटं फिरायला नेता? घरातल्या पाहुण्यांशी त्याचं वागणं कसं असतं? घराला छत कशाचं आहे, पिण्याचं पाणी कुठलं, मालकाचं शिक्षण किती, सगळं त्यात होतं. मध्येच जिल्ह्याचं नाव बदलून उस्मानाबादचं धाराशिव झालं, म्हणून अख्खा गठ्ठा परत छापून घ्यावा लागला. वरचं नाव बदललं. पलंगाचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

मांजरांचं प्रकरण आठवड्याभरात निकालात निघालं. कळंबच्या मोंढ्यात एका आडत्याच्या दुकानात तुरीच्या पोत्यांवर एक मांजर झोपायची. वर्षातून दोन-तीनदा ती त्याच पोत्यांमागं विणायची. आडत्या तिला सकाळ-संध्याकाळ दूध घालायचा आणि ती दोन दिवस दिसली नाही तर गिऱ्हाइकांना विचारत बसायचा. पण मालक म्हणून सही करा म्हटल्यावर त्यानं हात जोडले. मांजर आमची नाही, दुकानात राहते एवढंच. मग कुणाची? मांजर कुणाची नसते, साहेब. असंच उत्तर मला आणखी पाच-सहा दुकानांत मिळालं. मालकाच्या संमतीशिवाय संशोधन करता येत नाही, आणि आमच्या जिल्ह्यात मांजराला मालक नाही. सरांना फोन केला तर ते म्हणाले, ‘मार्जारपालकांचा प्रतिसाद असमाधानकारक’ असं लिही. माझ्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावर मार्जार शेवटपर्यंत राहिले. आत एकही नाही.

कुत्र्यांचा घोळ वेगळा होता. प्रजननाचा अभ्यास करायचा तर माद्या पाहिजेत, आणि आमच्याकडं लोक कुत्रा पाळतात, कुत्री पाळत नाहीत. विणीतले नर ठेवून घ्यायचे, माद्या डोळे उघडायच्या आत पोत्यात घालून आठवडी बाजाराच्या कडेला सोडून यायच्या, ही रीत. त्यामुळं मी दारोदार फिरून तुमच्याकडं कुत्री आहे का असं विचारायला लागलो, की घरातली माणसं आधी एकमेकांकडं बघायची आणि मग माझ्या मोटरसायकलवरच्या सरकारी पाटीकडं. चार महिने फिरून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माद्या गोळा झाल्या. काही रानातल्या वस्त्यांवरच्या, एक शाळामास्तरांची आणि एक मेंढपाळ मावशीची.

ही मावशी साठीच्या आसपासची. ती आणि तिचा जावई, दोघं मेंढरं घेऊन सीना नदीच्या कडेकडेनं फिरायचे आणि कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. त्या भागात लांडगा आहे. पुस्तकातला नाही, खराखुरा. मावशीची कुत्री तांबूस रंगाची, चार वर्षांची, एक कान लांडग्यानं फाडलेला. तिला नाव नव्हतं. मावशी तिला नुसतं ‘बाई’ म्हणायची. कुत्री का ठेवली असं मी विचारलं, तर म्हणाली की कुत्रा भाकरी खाल्ली की आडवा होतो, ही कधी डोळा लावत नाही.

मी तिच्यापुढं प्रश्नावली उघडली. दिवसातून किती मिनिटं फिरायला नेता? मावशीनं थोडा वेळ मनापासून विचार केला आणि मेंढरं चालतील तितकी, असं सांगितलं. पलंगाचा प्रश्न मी वाचला तेव्हा मात्र ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. मग तिनं घोंगडं दाखवलं. एका टोकाला ती झोपायची, दुसऱ्या टोकाला बाई. रकान्यात घोंगडं नव्हतं, म्हणून मी ‘वेगळ्या गादीवर’ यापुढं खूण केली. संशोधन असंच चालतं. पुढं मी मोठमोठ्या लोकांचे प्रबंध वाचले तेव्हा प्रत्येक पानावर मला कुणाचं तरी घोंगडं आठवत राहिलं.

प्रश्नावली एकदाच भरायची, पण रक्ताचा नमुना दर महिन्याला घ्यायचा होता. तो बर्फाच्या डब्यात घालून एसटीच्या वाहकाच्या हाती शहरात पाठवायचा, तिथं तपासणी. मालक पहिल्या महिन्यात गंमत म्हणून तयार झाले. दुसऱ्या महिन्यात विचारायला लागले की तुम्ही आमच्या कुत्रीचं रक्त नेता, आम्हाला काय? प्रश्न वाजवी होता. माझ्याकडं द्यायला काहीच नव्हतं. ज्ञानात भर पडते हे उत्तर मी एकदा देऊन बघितलं, त्या घरानं कुत्रीच लपवून ठेवली.

मग मला माज थांबवायचं इंजेक्शन सुचलं. कुत्री माजावर आली की दारात आठ-दहा कुत्रे जमतात, रात्रंदिवस भांडणं, मग पोट, मग पिल्लं, मग त्यातल्या माद्या पोत्यात. कुत्री पाळणाऱ्या सगळ्यांना यातूनच सुटका पाहिजे होती. बायकांसाठी पाळणा लांबवायचं जे इंजेक्शन मेडिकलमध्ये मिळतं, त्यानं कुत्रीचा माजही थांबतो. मी ते द्यायला लागलो. एका हातानं रक्त घ्यायचं, दुसऱ्या हातानं सुई द्यायची. बातमी वस्त्यांवरून फिरली आणि माझा मान एकदम वाढला. लोक स्वतःहून कुत्री धरून उभे राहायला लागले. बेचाळीस रकान्यांत या सुईला जागा नव्हती, म्हणून मी तिची नोंद खिशातल्या छोट्या डायरीत करायचो. आपण फार व्यवस्थित माणूस आहोत असं मला तेव्हा वाटायचं.

मावशीही एक दिवस म्हणाली, “औंदा हिला पिल्लं नकोत, डाक्टर. गावोगावची कुत्री मागं लागत्यात अन् मेंढरं बुजत्यात. बाकीच्यास्नी सुया देता म्हनं.” मी लगेच दिली. नंतर आणखी दोनदा दिली. त्यातली एक तर माज सुरू झाल्यावर दिली, जेव्हा ती अजिबात द्यायची नसते. पण नमुन्याची तारीख तीच होती, मी तिथं होतो, सुई खिशात होती. मावशीनं बाईचं तोंड मांडीत धरलं होतं. तिनं मला इंजेक्शन कशाचं, पुढं काही होईल का, असं काही विचारलं नाही. सरकारी डॉक्टरला असं कुणी विचारत नाही.

वर्ष संपत आलं तसा एक विलक्षण शोध लागला. माझ्या कुत्र्यांपैकी तिघींना एकामागून एक तोच आजार झाला. गर्भाशयात पू होण्याचा. कुत्री पाणी फार पिते, खाणं सोडते, उलट्या करते, पोट फुगतं, आणि वेळेत गर्भाशय काढलं नाही तर मरते. दोघी मेल्या. शाळामास्तरांची तेवढी शहरात नेऊन ऑपरेशन केल्यामुळं वाचली. मी सरांना फोन केला. सरांचा आवाज एवढा आनंदी मी कधी ऐकला नव्हता. अरे हे तर लक्षणीय आहे, असं ते तीन वेळा म्हणाले. या भागातच का होतं याची कारणं शोध, हवामान बघ, पाणी बघ, आहार बघ.

मी शोधलं. उन्हाळ्याचं तापमान शोधलं, बोअरच्या पाण्यातला क्षार शोधला. ज्वारीच्या भाकरीवर तर मी तीन पानं लिहिली. कुत्र्यांना भाकरीतून कोणती द्रव्यं मिळत नाहीत आणि त्याचा गर्भाशयावर काय परिणाम होत असावा, याची अशी काही मांडणी केली की वाचणाऱ्याला भाकरीची भीती वाटावी. ज्या भाकरीवर मी, माझे वडील आणि त्यांचे वडील पोसले गेले, तिच्यावर मी संशयित म्हणून बोट ठेवलं. सरांनी त्या पानांवर ‘उत्तम’ असा शेरा मारला.

त्याच सुमारास मी मावशीकडं नमुना घ्यायला गेलो. ती म्हणाली, “बाई लई पानी पितीया. त्या मागल्या सुईपासनंच.” मी तिला सांगितलं की सुईचा आणि पाण्याचा काही संबंध नसतो, ऊन वाढलंय. आणि प्रश्नावलीत ‘पाणी पिणे’ या रकान्यात आधीचं खोडून ‘वाढलेले’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मनात मात्र मला कळलं होतं की हा तोच आजार. चौथी. लक्षणीयतेत आणखी एकीची भर. मी संध्याकाळी सरांना विचारलं, उपचार सुरू करू का? सर म्हणाले, पुढचा नमुना महिन्यानं घ्यायचा आहे, मध्येच औषध दिलं तर रक्तातली मूल्यं बिघडतील, निरीक्षणात ठेव. मी निरीक्षणात ठेवलं. म्हणजे दवाखान्यात बसून राहिलो आणि कुत्री तिकडं नदीकाठी मेंढरांमागं चालत राहिली.

दहाव्या दिवशी सकाळी जावयाच्या मोटरसायकलवर मागं बसून मावशी दवाखान्यात आली. दोघांच्या मध्ये घोंगड्यात गुंडाळलेली बाई. जावई दोघींना उतरवून लगेच मेंढरांकडं परत गेला. कुत्रीचं पोट टम्म फुगलेलं, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. पण मी हात लावल्यावर तिनं शेपूट हलवली. महिन्याच्या महिन्याला रक्त काढणाऱ्या माणसाला बघून शेपूट हलवणारं जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी मावशीला सांगितलं की आत्ताच्या आत्ता पोट उघडावं लागेल. ती म्हणाली, उघडा. आमच्या दवाखान्यात कुत्र्यासाठी टेबल नाही. आवक-जावक नोंदवह्या ज्या टेबलावर असतात ते आम्ही रिकामं केलं. आमचे परिचर निवृत्तीला आलेले, तीस-पस्तीस वर्षं बैल आणि रेडे धरलेला माणूस. त्यांनी कुत्रीचे पाय सुती दोरीनं असे हळू बांधले की मला माझ्या हातांची लाज वाटली. गाईचं, शेळीचं पोट मी कितीतरी वेळा उघडलं होतं. कुत्रीचं हे ऑपरेशन कॉलेजात दोनदा केलं होतं, म्हणजे शिक्षकांनी केलं होतं आणि मी उजेड धरला होता. अर्ध्यात लाईट गेली. परिचरांनी मोबाईलचा दिवा लावून धरला. आता उजेड धरणारे ते होते आणि हात घालणारा मी.

गर्भाशय बाहेर काढलं तेव्हा ते माझ्या मनगटापेक्षा जाड झालं होतं. ते कुठं फुटू नये म्हणून मी श्वास रोखून काम करत होतो. फुटलं नाही. बांधलं, कापलं, पोट शिवलं. दुपारी बाई शुद्धीवर आली, डोकं उचलून तिनं मावशीला शोधलं आणि तिच्या पायावर हनुवटी टेकवली. परिचरांनी चहा आणला. मला वाटलं, जमलं. एवढा आनंद मला पदवीच्या दिवशीही झाला नाही, हे मी खरं सांगतो.

मी आत जाऊन नोंद लिहायला बसलो. कुत्रीचं वय, वजन, मागचा माज कधी. माजाची तारीख आठवेना म्हणून खिशातली डायरी काढली. सुया दिल्याची यादी होती ते पान उघडलं. प्रश्नावल्यांचा गठ्ठा टेबलावर होताच, आजारी पडलेल्या चौघींच्या प्रश्नावल्या वर काढून ठेवलेल्या. यादीत ज्यांना तीनदा सुई दिली अशी चारच घरं होती. ती चार घरं आणि टेबलावरची चार घरं तीच होती.

हे मला माहीत नव्हतं असं मला म्हणायचं आहे, पण म्हणता येत नाही. तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात ते स्पष्ट दिलेलं आहे. हे इंजेक्शन वारंवार किंवा चुकीच्या वेळी दिलं तर गर्भाशयात पू होतो. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मला त्यात पूर्ण गुण होते. जिल्ह्यातला जो लक्षणीय आजार मी शोधून काढला, तो मीच मोटरसायकलवरून घरोघर पोचवला होता. हवामानाचा दोष नव्हता, पाण्याचा नव्हता. भाकरीनं कुणाचं काहीही वाकडं केलं नव्हतं.

चारच्या सुमाराला परिचर दारात येऊन उभे राहिले. मी बाहेर गेलो तर बाईचा श्वास उथळ झाला होता. आतून विष सगळीकडं पसरलेलं होतं, मूत्रपिंडं आधीच गेली होती. दहा दिवस आधी उघडली असती तर वाचली असती. सलाईन चालू होतं, मी आणखी दोन औषधं दिली. मावशी तिच्या फाटक्या कानावरून हात फिरवत होती. हात फिरवता फिरवताच तिला कळलं की संपलं, आणि तिनं हात थांबवला.

परिचर तिला म्हणाले की डॉक्टरांनी शर्थ केली. मावशीनं मान हलवली आणि उलट मलाच धीर दिला. “तुमी काय करनार? तिचं तेवढंच हुतं.”

मला तिथंच गप्प बसता आलं असतं. आमच्या घरी रोजच्या वंदनेत पंचशील म्हणतात. खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं. माझ्या हिशेबानं वर्षभर मी एकदाही खोटं बोललो नव्हतो, कारण माझ्याकडं तसा रकानाच नव्हता, आणि रकाना नसला की माणूस फार सुखात राहतो. पण ती माझं सांत्वन करत होती, ते मला सोसवेना. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं की मावशी, तुम्ही म्हणाला होता तेच खरं आहे. हे सुयांनी झालं. मीच दिलेल्या.

ती माझ्याकडं वळली.

“तुमाला म्हाईत नव्हतं?”

“पुस्तकात होतं,” मी म्हणालो. “वाचलेलं होतं.”

“मंग म्हाईत हुतं की.”

एवढंच ती बोलली. शिवी दिली नाही, रडली नाही. जावई परत आला, दोघांनी बाईला त्याच घोंगड्यात गुंडाळलं आणि नेलं. परिचरांनी टेबल धुतलं आणि नोंदवह्या परत त्यावर मांडल्या. त्या रात्री मी जेवलो नाही असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण मी जेवलो. घास गिळताना स्वतःची किळस येत होती आणि तरी भूक लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी बाकीच्या घरी जाऊन ते इंजेक्शन बंद केलं. मावशीपुढं जे धाडस दाखवलं ते तिथं काही झालं नाही. सुई आता मिळत नाही, असं मी सांगत फिरलो. लोक हळहळले, एकानं तर ती दुसऱ्या दुकानातून आणून देऊ का म्हणून विचारलं. तेव्हा कुठं मी त्याला ती घातक आहे असं म्हणालो, आणि त्यानं साहजिकच विचारलं की मग आजवर कशी दिली. मी मोटरसायकल चालू केली. एक मात्र केलं. ज्यांना दोनदा सुई दिली होती त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यातल्या दोघींना लक्षणं दिसताच वाट न बघता ऑपरेशन केलं आणि त्या वाचल्या. दोन्ही मालकांनी मला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली.

सरांना मी सगळं सांगितलं. प्रश्नावलीत त्रेचाळिसावा रकाना घालतो आणि भाकरीची तीन पानं काढून टाकतो म्हणालो. सर समजावणीच्या सुरात म्हणाले की असा रकाना घातला तर अख्खा प्रबंधच कोसळतो. वर्ष जाईल, रजा जाईल, आणि कुत्र्या काही परत येणार नाहीत. शेवटी तोडगा निघाला. अभ्यासाच्या मर्यादा या शीर्षकाखाली एक वाक्य टाकायचं: ‘काही मालकांनी स्वतःच्या स्तरावर परस्पर औषधोपचार केल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मालकांनी. स्वतःच्या स्तरावर. मी ते वाक्य तीन वेळा वाचलं आणि खाली सही केली. मान डोलावण्याच्या पेपरात पुन्हा एकदा पास.

पदवी मिळाली. आमच्या खात्यातल्या लोकांनी तालुक्याला छोटेखानी सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि ‘ग्रामीण श्वानांच्या आरोग्यासाठी अहोरात्र झटणारे’ असं मानपत्र. वडील कळंबहून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. परत जाताना त्यांनी प्रबंध मागून घेतला आणि पुढच्या आठवड्यात फोन करून म्हणाले की भाकरीचा भाग त्यांना विशेष आवडला. मी हो म्हणालो.

मावशीची बातमी अधूनमधून कानावर यायची. बाई गेल्यावर महिन्याच्या आत लांडग्यानं दोन कोकरं नेली. जावयानं कुठून तरी एक दांडगा कुत्रा आणला होता, तो भाकरी खाऊन झोपायचा. आपण जाऊन भेटावं असं मला सारखं वाटायचं आणि तिकडचा रस्ता आला की मी दुसरीकडून वळायचो.

सत्कारानंतर दोनेक महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, ती स्वतःच दवाखान्यात आली. पदराच्या झोळीत दीड-दोन महिन्यांचं काळं पिल्लू. मी उठून उभा राहिलो. परिचरांनी तिला खुर्ची दिली, तिनं पाणी मागितलं, प्यायली. पिल्लू तिनं त्याच टेबलावर ठेवलं. मी बघितलं, मादी होती. पोट मऊ, डोळे स्वच्छ, कान साफ. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच कपाटातून लशीची कुपी आणि कोरं कार्ड काढलं. तिनं मला माफ केलं, पहिल्यासारखं जनावर माझ्या हवाली केलं, असं मी धरूनच चाललो होतो.

“ती बाटली ठिवा,” मावशी म्हणाली. “हिला नुसती दावाया आनलीया. तुमच्याकडं हिला आनायची न्हाय, एवढं तोंडावर सांगावं म्हनून आले.”

मी म्हणालो की मावशी, माझ्याकडं आणू नका, पण निदान लस तरी चुकवू नका, रान आहे, लांडगे आहेत.

“टोचली की. कुर्डुवाडीला जाऊन.”

आमच्या दवाखान्यावरून, एसटीच्या फलाटावर तासभर ताटकळून, पिल्लू पदराखाली धरून, जिल्ह्याबाहेर. जी लस माझ्या कपाटात पडून होती तीच घ्यायला. परिचर खिडकीबाहेर बघायला लागले.

तिनं पिल्लू उचलून झोळीत घातलं. मग जरा नरम आवाजात, जणू मला कामाची एखादी गोष्ट सांगावी तशी, ती म्हणाली की तिथल्या डॉक्टरला तिनं आधी विचारलं: सुई कशाची हाय, कशासाठी, अन् म्होरं काय व्हईल. सगळं सांगितल्यावरच पिल्लाला हात लावू दिला. तो डॉक्टर म्हणाला म्हणे, आजवर मला असं कुणी विचारलं नाही.

“तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हनलं, म्या बी आदी इचारत नव्हते.”

ती उठली, परिचरांना रामराम केला आणि एसटी गाठायला निघाली. मी कपाट उघडलं आणि कुपी जागेवर ठेवली.